सावळेरामाचा उपास

पिंपळवंडीच्या गोजरबाईला कुणी विचारलं असतं की तुमचा नवरा काय करतो, तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं, "खातो." तसा सावळेराम शेतकरी होता. ऊस होता, टोमॅटो होता, गोठ्यात जनावरं होती. पण ही सगळी कामं तो दोन जेवणांच्या मधे वेळ उरला तर करायचा. त्याचं खरं कर्तृत्व ताटावर, आणि त्या कर्तृत्वाचा त्याला असा तोरा, की जणू ह्यानं एकट्यानं शिवनेरी सर केला.

बाजरीच्या भाकरी तो मोजत नसे. मोजणाऱ्याला तो माणसातच धरत नसे. कालवणात कुस्करलेल्या भाकरीचा ढीग, मधेमधे गुळाचा खडा, वर भात आणि भातावर दूध-साखर, एवढं झालं की त्याला ढेकर यायची. ती आळीच्या टोकापर्यंत जायची. मग सावळेराम तोंड पुसत ओट्यावर यायचा आणि इकडंतिकडं बघायचा. कुणी ऐकली की नाही, ते बघायला.

गावालाही असल्या माणसाचं भारी कौतुक. "तात्याचं खाणं म्हंजे खाणं!" असं चारचौघांत बोललं जायचं, आणि सावळेराम ते अंगारा लावून घ्यावा तसं मान झुकवून घ्यायचा. चुलीपुढं बसून त्या भाकरी थापणारीचं नाव ह्या कीर्तीत कुठंच नव्हतं. गोजरबाईला त्याचं दुःखही नव्हतं. असल्या कीर्तीत नाव नसलेलंच बरं, असं तिचं मत होतं. नवऱ्यापुढं ताट ठेवताना ती "खा" एवढंच म्हणायची. गुरांपुढं वैरण टाकताना ती याहून जास्त बोलायची.

आणि जो कमी खाईल त्याची सावळेरामाला भयंकर चीड. लग्नाच्या पंगतीत तो परात घेऊन फिरायला लागला की लोक घाबरायचे. आग्रह करणं हा त्याचा धर्मच होता. एखाद्यानं ताटावर हात आडवा धरला की हा म्हणणार, "चिमणीचं पोट हाय व्हय रं तुझं?" मग सगळी पंगत हसणार, आणि त्या बिचाऱ्याला वाढलेलं सगळं गिळावं लागणार.

गोजरबाईचा धाकटा भाऊ जानकू असाच सापडला. जानकू आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीचा. मंचरला त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. अंगानं शिडशिडीत, बोलणं हळू, कुणाशी भांडण नाही. सावळेरामाच्या लेखी हे तीनही गुन्हेच. तो त्याला नावानं कधी हाक मारत नसे. "गोजरीचं काटकुळं आलंय," असं म्हणायचा, तेही जानकूच्या समोर. जानकू हसायचा आणि बहिणीच्या हातात मंचरहून आणलेला पुडा द्यायचा.

पुढं जानकूला साखरेचं दुखणं लागलं. मंचरच्या एका डॉक्टरानं त्याला बसवून समजावलं. साखर-गूळ बंद कर, भात सोड, भाकरी अर्धी कर, भाजीपाला, अंडी, ताक पोटभर घे. जानकूनं ऐकलं. ऐकण्याचा त्याचा स्वभावच होता. वर्षाच्या आत अंगातला शिणवटा गेला, सारखी लागणारी तहान गेली, आणि जो माणूस घर ते दुकान चालताना धापा टाकत होता तो पुन्हा अवसरीहून मंचरला सायकल मारत जायला लागला. बहिणीला म्हणाला, "आक्का, भाकर कमी केली आन् ताकद वाढली बघ. उलटंच हाय समदं."

एक्याण्णव साली गोजरबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं. जानकू नवरीचा मामा. अंतरपाटाच्या वेळी भाचीच्या मागं उभा राहिला, डोळे पुसले, आणि मग पंगतीला बसला. सावळेराम जिलबीची परात घेऊन आला. बायकोच्या भावाला आग्रह करायचा तर त्याला वेगळाच चेव.

जानकूनं पत्रावळीवर दोन्ही हात पालथे आडवे धरले आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, मला साखर हाय. बळं करू नगा."

"ऐका रं!" सावळेराम ओरडला. "पावण्याला साखर हाय म्हणं! मंग आमी काय मीठ हाय व्हय?"

सगळी पंगत खो-खो हसली. सावळेरामाला आणखी काय हवं? त्यानं जिलबी उचलली आणि जानकूच्या हातांवरच ठेवली. मग दुसरी. पाक बोटांमधून ओघळून मनगटावर आला आणि मामाच्या मानाच्या नव्या सदऱ्याच्या बाहीत शिरला. "एका जिलबीनं काय माणूस मरतं व्हय?" असं म्हणून सावळेरामानं तिसरीही ठेवली. जानकूनं वर बघितलं नाही. हातावरच्या जिलब्या त्यानं खाल्ल्या, आणि नंतर जे जे वाढलं ते सगळं खाल्लं. गोजरबाई भाजीची बादली घेऊन पलीकडच्या पंगतीत उभी होती. ती तिथंच उभी राहिली. लेकीच्या लग्नात नवऱ्याला चारचौघांत बोलायचं कसं?

त्या दिवसानंतर जानकूनं पथ्य सोडलं. एका पंगतीतली गोष्ट दहा पंगतींत गेली होती. तो कुठंही बसला की कुणीतरी म्हणायचं, "साखर आली रं!" चेष्टा कुणाला किती दिवस सोसणार? तो चारचौघांसारखा खायला लागला. काही वर्षांत पायाला जखम झाली, ती काळी पडली, पुण्याच्या इस्पितळात पाऊल कापलं, आणि त्यानंतर जानकू फार दिवस राहिला नाही. तेराव्याला सावळेराम जेवायला बसला. बुंदी मागून घेतली, आणि हात धुताना म्हणाला, "मुळात जीवच न्हवता त्याच्यात. खाणारं माणूस असं मरत न्हाई."

गोजरबाईनं हे ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या मनात नवऱ्याबद्दल जो काही उरलासुरला जिव्हाळा होता तो आटला, आणि त्या जागी शुद्ध तिरस्कार आला. तो तिनं नीट सांभाळून ठेवला. बाकी घर पहिल्यासारखंच चाललं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात गोठ्यामागं मुंग्या दिसायला लागल्या. सावळेरामाची लघवीला जायची एक ठरलेली जागा होती, तिथं. गोजरबाई शेण काढायला गेली की ओळीनं चाललेल्या मुंग्या बघायची. तिला लगेच कळलं. जानकूच्या घरामागंही अशाच लागायच्या. नवरा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता, दुपारी जेवला की बसल्याजागी घोरत होता, आणि तरी त्याच्या लेंग्याची नाडी दर महिन्याला आवळावी लागत होती. "उन्हाचं व्हतंय," सावळेराम म्हणायचा. गावातले शहाणे म्हणायचे, "तात्या, खाणं कमी झालं काय?" आणि हा आणखी एक भाकरी घ्यायचा. मुंग्यांना जे कळलं ते ह्या सगळ्या बाप्यांना मिळून कळत नव्हतं.

मग उसाच्या रानात एक खुंट त्याच्या उजव्या अंगठ्यात घुसला. घरी आल्यावर गोजरबाईनं रक्त दाखवलं तेव्हा त्याला कळलं. पायाची जाणीवच गेलेली. हळद लावली, तेल लावलं, कुणी सांगितलेला पाला बांधला. जखम बरी व्हायचं नाव घेईना. शेवटी मुलानं, भरतनं, बापाला जीपमध्ये घालून नारायणगावला नेलं. गोजरबाई बरोबर गेली.

तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि बारीक होती. सावळेरामानं तिला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचं काही ऐकायचं नाही हे तिथंच ठरवलं. अर्धी भाकर न पचणारी पोरगी आपल्याला काय सांगणार? तिनं रक्त तपासलं. साखर तीनशेच्या वर. रक्तदाब चढलेला, रक्तात चरबी. तिनं गोळ्या दिल्या, जखम धुतली, आणि म्हणाली, "तात्या, नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. साखर, गूळ बंद. आणि धान्य बंद करा काही दिवस. त्यानं खूप फरक पडेल."

"धान्य बंद?" सावळेराम म्हणाला.

"धान्य बंद. करून तर बघा."

बाहेर पेशंट खोळंबले होते. तिनं पुढच्याला हाक मारली.

परतीच्या वाटेवर सावळेराम तोंड पाडून बसला होता. पिंपळवंडी आली तसा त्याचा चेहरा खुलला. धान्य बंद म्हणजे काय, हे त्याला काय माहीत नव्हतं? आषाढीला, महाशिवरात्रीला सगळं गाव धान्य बंद करतं. "गोजरे," तो जीपमधून उतरतानाच म्हणाला, "उद्यापासनं माझा उपास. सातीच्या साती वार."

जन्मात ज्यानं धड एक एकादशी पाळली नव्हती, त्याचा असा उपास सुरू झाला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, भरपूर बटाटा घालून. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मधे भूक लागली तर दोन केळी, मूठभर खजूर. साखर बंद म्हणून चहा बिनसाखरेचा, पण त्याबरोबर राजगिऱ्याचा लाडू, कारण लाडू उपासाचा. संध्याकाळी तुपात परतलेली रताळी आणि पुन्हा खिचडी. गुळाचं काय, असं गोजरबाईनं विचारलं तर म्हणाला, "रताळ्यापुरता चालतोय. देवाला बी लागतोय."

गोजरबाई रांधत होती. तिच्या मनात यायचं, हा उपास म्हणावा की रोजचं बारसं? पण डॉक्टरणीनं सांगितलंय म्हटल्यावर ती तरी काय बोलणार? तिलाही उपासाचं अन्न म्हणजे हलकं अन्न, हेच ठाऊक होतं. आईनं तेच शिकवलं, सासूनं तेच करून घेतलं.

आणि दुखण्याचं नाव मात्र घरातल्या घरात. सावळेरामानं बायको-मुलाला दम भरला होता, "साखरंचं कुटं बोलायचं न्हाई." साखर असणं म्हणजे जानकू असणं, आणि ते त्याला मेल्यावरही पटलं नसतं. गावात त्यानं सांगितलं, नवस केलाय, धान्य सोडलंय. मग काय विचारता! देवळात त्याला पुढं बसायला जागा मिळायला लागली. बायका म्हणायच्या, "तात्या साधू झालं बघा." कपाळाला बुक्का लावून, लंगडत लंगडत, केळ सोलत हा साधू गावभर फिरायचा आणि भाकर खाणाऱ्यांकडं कीव आल्यासारखा बघायचा. "तुमचं आपलं पोटाचंच चाललंय," असं एकदा तो सरपंचाला म्हणाला. गोजरबाईनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरायला नाही, तोंडातून शिवी जाऊ नये म्हणून.

मुंग्या मात्र वाढल्या. आता त्या गोठ्याच्या भिंतीवर चढल्या होत्या.

महिन्यानं पुन्हा नारायणगाव. डॉक्टरणीनं कागद बघितला, पुन्हा बघितला. साखर चारशेच्या पुढं. अंगठा बाजूनं काळा पडायला लागलेला. तिनं चष्मा काढला.

"तात्या, धान्य बंद केलं होतं ना?"

"दाण्याला शिवलो न्हाई," सावळेराम ताठ बसून म्हणाला. "विचारा हिला. कडक उपास."

"उपास?" डॉक्टरीण गोजरबाईकडं वळली. "मावशी, खातात काय हे?"

गोजरबाईनं सांगितलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं. सांगता सांगता डॉक्टरणीचा चेहरा बदलत गेला. रताळ्यातल्या गुळापाशी तर तिनं डोळेच मिटले. मग म्हणाली, "माझंही चुकलं. एकेका पदार्थाचं नाव घेऊन सांगायला हवं होतं. अहो, साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ. बटाटा, रताळं, भगर, सगळं तेच. पोटात गेलं की त्याची साखर होते. भाकरीची होते, भाताची होते, आणि साबुदाण्याची तर सगळ्यात आधी. उपासाला काय चालतं आणि काय नाही, हे देवानं ठरवलं असेल. तुमच्या रक्ताला ते माहीत नाही."

सावळेरामाचं तोंड उघडं पडलं.

"आणि हे बघा," ती पुढं म्हणाली, आता तिचा आवाज कडक झाला होता, "अजून महिनाभर असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. तिथं थांबलं नाही तर पाऊल."

पाऊल. गोजरबाईच्या डोळ्यांपुढं पुण्याच्या इस्पितळातली ती खाट आली. पांढऱ्या चादरीखाली एका बाजूला पायाचा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी तिच्या मनात आलं, जाऊ दे ह्याचा पाय. जानकूचा गेला, ह्याचाही जाऊ दे.

पण मग पुढचं तिला दिसलं. हा मरणार, आणि गाव म्हणणार, काय माणूस होता, खाऊन-पिऊन, वर देवाचे उपास करून सुखानं गेला. तेराव्याला ह्याच्या खाण्याच्या गोष्टी सांगत लोक बुंदी खाणार. नाही. एवढं सहज ह्याला सुटू द्यायचं नाही. ह्यानं जगायचं, आणि जानकूनं खाल्लं होतं ते खात जगायचं.

"डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "एकेक नाव घिऊन सांगा. मी बघते."

दुसऱ्या दिवशी सावळेरामाच्या ताटात शेपूची भाजी पडली, शेंगदाण्याचा कूट घालून. दोन उकडलेली अंडी, काकडीच्या फोडी, वाटीभर घट्ट दही. त्यानं ताटाकडं बघितलं, मग चुलीकडं बघितलं.

"भाकर?"

"न्हाई."

"भाकरीबिगर जेवाण व्हतं व्हय? मी काय जित्राब हाय, पाला खायाला?"

"जित्राबाला अक्कल आसती," गोजरबाई म्हणाली. "पोट भरलं की ते गप बसतंय."

लग्नाला एवढी वर्षं झाली, ती त्याला असं कधी बोलली नव्हती. तो ताट सोडून उठला. संध्याकाळी भुकेनं परत आला तेव्हा तेच ताट झाकून ठेवलेलं होतं. बाजरीच्या डब्याला कुलूप, आणि किल्ली तिच्या कमरेला. त्यानं शेजारी जाऊन भाकर मागितली असती तर मिळाली असती. पण नवसाचा उपास सांगून बसलेला माणूस भाकर मागणार कुठल्या तोंडानं? ह्या एका बाबतीत त्याचं खोटं तिच्या फार उपयोगी पडलं.

मेथी, तांदुळजा, वांगी, गवार, कोबी. घरच्या कोंबड्यांची अंडी. ताक. रविवारी दार लावून मटण, रस्सा हवा तेवढा, पण कुस्करायला काही नाही. पहिले दिवस त्याचं डोकं दुखलं, अंग मोडून आलं, आणि तोंडाचा पट्टा तर थांबेचना. मला मारायला बसलीय, असं तो भरतला सांगत होता. डॉक्टरणीनं मधेमधे बोलावून रक्त तपासलं. साखर उतरायला लागली तसतशा गोळ्या तिनं स्वतः कमी केल्या, आणि मनानं गोळी सोडायची नाही, असंही बजावलं.

मग हळूहळू गोष्टी घडायला लागल्या. दुपारचं घोरणं बंद झालं. पाण्याचा तांब्या भरलेलाच राहायला लागला. बधिर तळपायांची रात्री आग व्हायची, तीही शांत झाली. उरलंसुरलं पोटही आत गेलं, आणि बांधावरून चालताना गुडघ्यांवर हात ठेवून थांबायचा तो थांबेना. सारखी खा-खा होती ती गेली. हे त्याला स्वतःलाच नवल वाटलं. रक्तदाब उतरला, रक्तातली चरबी उतरली. अंगठ्याच्या कडेचं काळं सुटून आत लाल मांस धरलं, आणि पाऊस उघडेपर्यंत जखम भरून आली. गोजरबाई रोज सकाळी शेण काढायला जायची आणि भिंतीच्या कडेला बघायची. एक दिवस तिथं एकही मुंगी नव्हती. ती जागा तिनं पुन्हा एकदा वाकून नीट बघितली. कागदावरच्या आकड्यांपेक्षा तिचा मुंग्यांवर विश्वास जास्त होता.

आणि सावळेराम? त्याचा तोरा होता तस्साच. आता तो कमी खाण्याचा होता. "समदं मनाच्या निग्रहावर हाय," असं तो पारावर सांगायचा. बायकोचं नाव नाही. कुलपाचं नाव नाही. डॉक्टरणीचंही नाही. नवसानं पाय वाचला, हे गावानं मान्य केलं होतं आणि ह्यानं मान्य करून घेतलं होतं. कुणी भाताचा ढीग घेतलेला दिसला की हा नाक मुरडणार, "पोट हाय का पेव हाय?" गोजरबाई ऐकायची. माणसाचं दुखणं बरं होतं, पण माणूस काही बरा होत नाही, एवढं तिला कळून चुकलं होतं.

दोन हजार पाच साली भरतचं लग्न ठरलं. नवरी आळेफाट्याची. नवरीच्या बापाचं, गेणूभाऊचं, फाट्यावर हॉटेल होतं, आणि लोकांना खाऊ घालण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नात अंतरपाटाच्या वेळी नवरदेवाचा मामा कुठंय म्हणून हाका झाल्या. गोजरबाईनं आपला चुलतभाऊ उभा केला. तो भरतच्या मागं उभा राहिला आणि ती दुसरीकडं बघत राहिली.

पंगत बसली. टेबलं, खुर्च्या, पत्रावळीच्या जागी थर्माकोलची ताटं. सावळेराम मुलाचा बाप, म्हणून पहिल्या मानाच्या ओळीत. समोरच्या ओळीत बायकांमध्ये गोजरबाई. त्यानं भाजी घेतली, कोशिंबीर घेतली, ताक घेतलं, आणि ताटाची मोठी जागा रिकामी ठेवली. गेणूभाऊ स्वतः जिलबीची परात घेऊन आला.

"व्याही, ह्ये काय? ताट मोकळं?"

"धान्याचा उपास हाय माझा," सावळेराम रुबाबात म्हणाला. "नवसाचा."

"आवो, लेकाचं लगीन हाय! उपास सोडायला ह्याच्यापरीस मोठा मुहूर्त कंचा?" गेणूभाऊनं पलीकडं वळून हाक मारली, "काय गुरुजी, चालंल का न्हाई?"

गुरुजींच्या तोंडात जिलबीच होती. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. पंगत हसली. "सोडा तात्या, सोडा!" असा एकच गलका झाला. व्याह्यानं स्वतः वाढलेलं नाकारायचं म्हणजे सोयरिकीलाच नाट लावायचा. दोन वर्षं ज्या नवसामागं सावळेराम लपला होता तो नवस चारचौघांत सोडवला गेला, आणि आता लपायला जागा नव्हती.

त्यानं गोजरबाईकडं बघितलं. ती उठणार नव्हती. तिनं ते ठरवूनच टाकलं. किल्ली आज घरी होती. ताट त्याचं होतं, तोंड त्याचं होतं. एकदा ह्यानं चेष्टेला घाबरून एक खाल्ली की उद्या दुसरी खाणार, परवा भाकर मागणार, आणि पुढचा सगळा रस्ता तिनं एकदा पाहिलेला होता.

सावळेरामानं दोन्ही हात ताटावर पालथे आडवे धरले. ह्या माणसाचे हात असे तिनं जन्मात पाहिले नव्हते.

"एका जिलबीनं काय माणूस मरतं व्हय, पावणं?" गेणूभाऊ हसत म्हणाला. त्याची त्यात काही चूक नव्हती. हे वाक्य सगळ्या लग्नांत सगळे म्हणतात. आणि त्यानं जिलबी उचलून सावळेरामाच्या हातांवरच ठेवली. वर दुसरी. पाक बोटांमधून ओघळला, मनगटावर आला, आणि नव्या सदऱ्याच्या बाहीत शिरला.

सावळेराम आपल्या हातांकडं बघत राहिला. लोकांना वाटलं, आता खातोय. तो खाईना. काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणता?" गेणूभाऊ खाली वाकला.

"मला साखर हाय." आवाज इतका खाली गेला होता की शेजारच्याला ऐकू आला नाही. मग त्यानं मान वर केली. "साखर हाय मला. उपास न्हाई, नवस न्हाई, काय न्हाई. बळं करू नगा."

कुणीतरी सवयीनं हसलं आणि मधेच थांबलं. गेणूभाऊ परात घेऊन अवघडून उभा. "आवो पर एकानं काय असं..."

"मरतंय," सावळेराम म्हणाला. "आमचा जानकू मेला."

गोजरबाईचा घास हातातच राहिला. आमचा. जितेपणी काटकुळं, मेल्यावर जीव नसलेलं, आणि आज सगळ्या पंगतीसमोर आमचा जानकू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या विहिणीनं विचारलं तर ती आमटीला तिखट लई झालंय म्हणाली. माफ वगैरे तिनं काही केलं नाही. एवढं एक वाक्य ह्या मेल्याच्या तोंडातून निघायला माझ्या भावाचा जीव जावा लागला, ह्याचा स्वतःचा अंगठा काळा पडावा लागला, हेच तिच्या मनात होतं. पण ती उठली. पाण्याचा तांब्या उचलला, बायकांची ओळ सोडून बाप्यांच्या ओळीत गेली, आणि नवऱ्याच्या पाकानं चिकटलेल्या हातांवर तिनं पाणी धरलं.

"धुवा," ती म्हणाली. "मुंग्या लागत्याल."